बायकांच्या चेहऱ्याची हाडं कशाने मोडतात?

चेहऱ्याच्या फ्रॅक्चरचं शास्त्र उभं राहिलं ते मुख्यतः पुरुषांवर उपचार करता करता. फ्रेंच सर्जन रने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून पाहिले आणि १९०१ मध्ये वरच्या जबड्याच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये हजारो सैनिकांचे चेहरे दुरुस्त केले. पुढे रस्त्यावरचे अपघात वाढले, तरी वॉर्डात पुरुषच जास्त. बायकांची नोंद कोष्टकाच्या एका रकान्यात उरकली जायची.

आपल्याकडे त्यात दुचाकीची भर पडली. मागे एका बाजूला पाय टाकून बसायचं, पदर किंवा ओढणी चाकात अडकायची भीती, आणि हेल्मेट फार तर चालवणाऱ्याला. दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेटची सक्तीच नव्हती. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, मग साधं पडणंही पुरतं.

पण पडणं आणि मार खाणं यांच्या खुणा बऱ्याचदा वेगळ्या असतात. भोवळ येऊन हनुवटीवर आपटलं, तर जबडा अनेकदा कानापुढच्या सांध्याजवळ मोडतो. ठोशाने नाक, गालाचं हाड किंवा डोळ्याखालची पातळ खोबण फुटते. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, म्हणून डावी बाजू जास्त सापडते. सोबत हातांवर जुने-नवे वळ असले, तर डॉक्टरला शंका यायलाच हवी. एवढ्यावरून निदान होत नाही, पण विचारणं भाग आहे. तेही नवऱ्याला बाहेर बसवून, कारण त्याच्यासमोर उत्तर ठरलेलं असतं: ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’

हाड मोडलं की दुखापत ‘गंभीर’, हे १८६० च्या भारतीय दंडविधानातच लिहिलेलं होतं. केसपेपरवर ‘पडल्या’ असं लिहिलं गेलं की ते कलम कपाटातच राहायचं. घरातल्या छळासाठी ४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ मध्ये. त्याआधीच, २००० च्या सुमारास, मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं होतं. तिथे डॉक्टर-नर्सना हा प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं नोंदवायचं, याचं प्रशिक्षण दिलं जाऊ लागलं.