दरबारी सत्तासंघर्षाच्या तसबिरी

राजवाड्यातील कट, वारसाहक्काचे तंटे, मंत्र्यांचे उत्कर्ष आणि पतन, कैद व शिरच्छेद अशा प्रसंगांची उत्कीर्ण मुद्राचित्रे (धातूच्या पट्ट्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे) चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याची रीत पश्चिम यूरोपात, मुख्यतः इंग्लंड व फ्रान्समध्ये, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली. या चित्रांचे दोन वर्ग पडतात : प्रसंग घडत असतानाच विक्रीला आलेली आणि पुढे कित्येक पिढ्या उलटल्यावर इतिहासविषयक रंगचित्रांवरून कोरलेली. तसबिरींमध्ये दुसऱ्या वर्गाचेच प्राबल्य आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र दोन्ही वर्ग सर्रास एकाच तोलाचा पुरावा म्हणून छापले जातात आणि त्यातून गंभीर गैरसमज होतात.

पहिल्या वर्गातील चित्रे बहुधा एकेका कागदावर, खाली मजकूर देऊन छापलेली असत. कॅथलिक लीग या फ्रान्समधील कट्टर कॅथलिक पक्षाचा नेता ड्यूक ऑफ गीझ याची २३ डिसेंबर १५८८ रोजी ब्ल्वा येथे फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याच्या आज्ञेने हत्या झाली, तेव्हा लीगच्या बाजूने पॅरिसमध्ये अशा कागदांचा पूर आला. पिएर द लेस्त्वाल या रोजनिशीकाराने ते गोळा करून वहीत चिकटवले, म्हणून आज पाहायला मिळतात. फ्रान्सच्या दरबारातील प्रबळ इटालियन मंत्री कोन्चीनी याचा वध (१६१७) आणि डेन्मार्कच्या दरबारातील वैद्य-मंत्री श्ट्रुएन्से याचा शिरच्छेद (२८ एप्रिल १७७२) यांचीही अशी चित्रे निघाली. ती चौकटीत क्वचितच गेली.

दुसऱ्या वर्गाच्या वाढीत मेझोटिंट (पट्टा खरबरीत करून छायेच्या छटा छापण्याच्या) तंत्राचा वाटा मोठा आहे. मेणबत्तीचा उजेड, पडद्याआडचा अंधार, काळी मखमल हे सारे या तंत्राने छायेच्या अखंड छटांत उतरवता येते. नुसत्या रेषांनी ते साधणे कठीण. तंत्राच्या जनकत्वाविषयी मात्र मतभेद झाले. इंग्लिश लेखक जॉन ईव्हलिनने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या उत्कीर्णनविषयक ग्रंथात हे श्रेय इंग्लंडच्या राजघराण्याचा नातलग व सेनानी प्रिन्स रूपर्टला दिले. बंदुकीवरचा गंज खरवडणाऱ्या शिपायाला पाहून रूपर्टला ही युक्ती सुचली, ही कथा अठराव्या शतकात होरेस वॉल्पोलने प्रचारात आणली. तिला समकालीन आधार नाही. याउलट, लुडविग फॉन झीगनने हेसे-कासेलच्या आमेली एलिझाबेथ हिचे या पद्धतीने केलेले व्यक्तिचित्र १६४२ सालचे असून ते पाठवताना लिहिलेल्या पत्रात त्याने आपली रीत नवी असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. रूपर्टचे ‘द ग्रेट एक्झिक्यूशनर’ १६५८ चे आहे. कालक्रम पाहता मूळ कल्पना झीगनची मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तो फिरत्या दातेरी चाकाने उजळ पट्ट्यावर हव्या तेवढ्याच छाया भरीत असे. संपूर्ण पट्टा आधी खरबरीत करून मग घासून उजेड काढण्याची, पुढे सर्वमान्य झालेली रीत रूपर्ट व त्याच्या नंतरच्या कारागिरांच्या हाती सिद्ध झाली असावी. सालाची नोंद असलेले पहिले इंग्लिश मेझोटिंट विल्यम शेर्विनचे, १६६९ चे. त्याचा विषय दुसरा चार्ल्स. अशा पट्ट्यावरून उत्तम ठसे काहीशेच निघतात. रेषांनी कोरलेला ताम्रपट त्याहून पुष्कळ अधिक टिकतो. १८२० च्या सुमारास पोलादी पट्टे वापरात आल्यावर हजारोंनी प्रती काढणे शक्य झाले आणि तसबीर मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली.

विषयांची निवड करण्यात प्रकाशकांचाच पुढाकार होता. लंडनमध्ये जॉन बॉयडेलने शेक्सपिअरच्या नाटकांतील, तर रॉबर्ट बोयरने ह्यूमच्या इंग्लंडच्या इतिहासातील प्रसंगांची चित्रे खास उत्कीर्णनासाठी काढून घेतली. दोघेही कर्जात बुडाले आणि सोडतीने चित्रे विकून मोकळे झाले. फ्रान्समध्ये पॉल द्लारोशच्या चित्रांना गूपील या प्रकाशनसंस्थेने घरोघरी पोहोचवले. त्याच्या ‘लेडी जेन ग्रे’मध्ये (१८३३) पांढऱ्या रेशमी वस्त्रातील इंग्लंडची ही अल्पकाळची राणी कोंदट तळघरात शिरच्छेदाचा ठोकळा चाचपडते. प्रत्यक्षात १२ फेब्रुवारी १५५४ रोजी तिचा शिरच्छेद लंडनच्या टॉवर या किल्ल्याच्या मोकळ्या आवारात झाला आणि समकालीन वृत्तांतात तिचा पोशाख काळा आहे. गीझच्या हत्येवरील त्याच्या चित्रात (१८३४) प्रेत एका टोकाला आणि पडद्याआडून डोकावणारा राजा दुसऱ्या टोकाला आहे. मधली रिकामी जमीनच सत्तेचे सारे नाट्य सांगते. रचना म्हणून ती अजोड आहे. पण ज्यांना ब्ल्वा येथील ती सकाळ समजून घ्यायची आहे, त्यांनी लेस्त्वालची वहीच उघडावी. द्लारोशचे चित्र १८३० नंतरच्या फ्रान्सविषयी, राजसत्तेकडे साशंकतेने पाहणाऱ्या एका पिढीविषयी, अधिक सांगते. जेरोमच्या ‘लेमिनांस ग्रीझ’विषयीही (१८७३) हेच म्हणता येईल. त्यात जिना उतरणारा साधा कपुचिन भिक्षू, म्हणजे मंत्री रिशल्यूचा सल्लागार पेर जोझेफ, पोथीतून मान वर काढत नाही आणि भरजरी दरबारी त्याच्यापुढे कमरेत वाकतात.

चौकटीचा इतिहास काचेशी बांधलेला आहे. काचेवाचून लावलेली मुद्राचित्रे कापडावर चिकटवून वरून वार्निश दिलेली असत आणि लवकरच पिवळी पडत. इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्यावर मोठ्या तसबिरी स्वस्त झाल्या. काळ्या रंगाच्या, आतल्या कडेला सोनेरी पट्टी असलेल्या अरुंद चौकटीला व्यापारात इंग्लिश चित्रकार-उत्कीर्णक हॉगार्थचे नाव चिकटले आहे.

चौकट बसवताना होणारे नुकसान अभ्यासकाला फार जाचते. चित्राखालच्या समासात चित्रकाराच्या नावापुढे ‘पिंक्सिट’ (लॅटिन : ‘रंगवले’), उत्कीर्णकाच्या नावापुढे ‘स्कल्प्सिट’ (‘कोरले’), तसेच प्रकाशकाचा पत्ता व तारीख असते. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने, हक्क राखायचे तर प्रकाशनाची तारीख पट्ट्यावर कोरणे आवश्यक केले होते. चौकटीच्या मापात बसवण्यासाठी हाच समास कापला गेला किंवा पुठ्ठ्याच्या खिडकीआड दडला, आणि चित्र कोणत्या वर्गातले हे सांगणारा सर्वांत सोपा पुरावा त्याबरोबर गेला. आम्लयुक्त पुठ्ठा आणि पाठीमागची लाकडी फळी यांनी कागदावर तपकिरी डाग उमटतात ते वेगळेच. जुनी तसबीर हाती आल्यास ती जाणकाराकडून उघडून समास व पट्ट्याचा दाबठसा (छापताना पट्ट्याच्या कडेने कागदावर उमटलेला खोलगट ठसा) पाहावा. दाबठसा कृत्रिमरीत्याही उठवता येत असल्याने तो एकटा पुरेसा नाही. भिंगाखाली जाळीदार ठिपके दिसले तर ते छायाचित्रावरून केलेले नंतरचे पुनर्मुद्रण समजावे.