थंडीत हायवेवर ईव्हीची रेंज नक्की कोण खातं?

ईव्ही घेतलेल्या माणसाचा पहिला हिवाळा साधारण ठरलेल्या वळणाने जातो. उन्हाळ्यात फुल चार्जवर जी गाडी आरामात चारशे किलोमीटरच्या पुढे रेंज दाखवायची ती थंडीत तीनशेवर येते, हायवेला लागलं की तोही झरझर उतरायला लागतो, मग ड्रायव्हर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे हीटर बंद, सगळ्यांना जॅकेट, मफलर घालून बसवतो आणि स्वतः मात्र ताशी ११०-१२० किलोमीटरच्या खाली यायला तयार नसतो. म्हणजे गारठा सगळ्यांनी सोसायचा आणि वाचणार काय तर त्यामानाने थोडंच. हायवेवर रेंज खाणारा मोठा गडी दुसराच आहे, आणि हे थोडी आकडेमोड केली की लगेच दिसतं.

आधी बॅटरीचं बघू, कारण सगळा संशय तिच्यावर असतो. थंडीत बॅटरीतली वीज कुठे उडून जात नाही हो. लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून एका बाजूकडून दुसरीकडे जातात, थंडीत हा द्रव घट्ट होतो, इलेक्ट्रोडमध्ये (सेलच्या दोन बाजूंच्या थरांमध्ये) शिरायचं कामही मंदावतं, थोडक्यात सेलच्या आतला विरोध वाढतो. त्यामुळे काही वीज आतल्या आतच उष्णता होऊन जाते आणि व्होल्टेज लवकर खाली येतं, म्हणून तळातला थोडा साठा वापरता येत नाही. बॅटरी गरम झाली की तो परत मिळतो, काही गाड्या तर स्क्रीनवर तेवढा भाग निळ्या रंगात वेगळा दाखवतात. आणि हायवेवर तासभर चालवलं की याच आतल्या उष्णतेने बॅटरी हळूहळू स्वतःच कोमट होते, त्यामुळे लांबच्या प्रवासात बॅटरीचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो.

आता हवा. गाडीला हवेचा जो अडथळा होतो तो वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर अडथळा चौपट. हे बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं, पण थंड हवा जड असते हे लक्षात राहत नाही. २० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२० किलो, शून्याला १.२९ आणि उणे २० ला जवळपास १.४० किलो. म्हणजे २० वरून उणे १० वर आलात की त्याच रस्त्यावर त्याच वेगाला हवाच ११ टक्के जास्त ढकलावी लागते, गाडी तीच, ड्रायव्हर तोच. यात समोरून वारा असेल तर विचारू नका, ११० ने जाताना समोरून २० चा वारा आला तर हवेच्या दृष्टीने तुम्ही १३० नेच चाललाय आणि तेवढ्याने अडथळा ४० टक्क्यांनी वाढतो.

आणि हीटर? तो वेगळ्याच हिशोबाने चालतो. पार्किंगच्या मीटरसारखा तो तासावर पैसे घेतो, किलोमीटरवर नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. समजा हीटर सरासरी अडीच किलोवॅट घेतोय. गर्दीत ३० च्या वेगाने चालत असाल तर १०० किलोमीटरला सव्वातीन तास लागतात आणि हीटर आठ युनिटच्या वर खातो (युनिट म्हणजे वीजबिलातलंच, एक किलोवॅट-तास), त्या वेगाला चाकं फिरवायलासुद्धा तेवढी वीज लागत नाही! पण हायवेवर ११० ने तेच १०० किलोमीटर तासाच्या आत संपतात, हीटरचा खर्च सव्वादोन युनिटवर येतो आणि हवा मात्र एकटीच अकरा-बारा युनिट घेऊन बसते.

आता एक मध्यम आकाराची गाडी डोळ्यासमोर आणू, वजन १९०० किलो, वापरता येणारी बॅटरी ६० युनिट. हे माझं ढोबळ गणित आहे, तुमच्या गाडीचे आकडे थोडे पुढेमागे होतील. २० अंशाला ११० च्या वेगाने ती सुमारे ३४० किलोमीटर जाईल. उणे ५ ला, हीटर लावून, त्याच वेगाने सुमारे २६०. आता इथे हीटर पूर्ण बंद केला, सगळे कुडकुडत बसले, तर मिळतात २९०. आणि हीटर चालू ठेवून वेग ९० वर आणला तर? ३१५. म्हणजे कुडकुडून ३० किलोमीटर वाचले आणि ऊबेत बसून ५५. शिवाय १३० ने पळवली तर २१० च्या आसपासच गाडी थांबते. ९० ने जाण्याचा तोटा म्हणजे दर शंभर किलोमीटरला १२ मिनिटं जास्त, आणि ती मिनिटं बऱ्याचदा चार्जरवरचा एखादा थांबा कमी किंवा छोटा झाल्याने तिथेच भरून निघतात.

मग काही टेस्टमध्ये हीटरमुळेच रेंज पडते असं कसं येतं, असं कोणी विचारेल आणि विचारायलाच हवं. अमेरिकेतल्या ट्रिपलए या संस्थेने २०१९ मध्ये पाच ईव्ही तपासल्या, उणे ७ अंशाला हीटर न लावता रेंज १२ टक्के कमी झाली आणि हीटर लावल्यावर ४१ टक्के. आकडे खरे आहेत, पण ती टेस्ट लॅबमध्ये रोलरवर होती आणि त्यात शहरातलं सावकाश ड्रायव्हिंगही धरलेलं होतं, तिथे तासावर खाणारा हीटर भारी पडणारच. नॉर्वेच्या एनएएफ या वाहनचालक संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्या खऱ्या रस्त्यावर बॅटरी संपेपर्यंत चालवल्या तेव्हा जाहीर केलेल्या रेंजपेक्षा सरासरी १८.५ टक्के घट आली. दोन्ही टेस्ट आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त कोणता आकडा आपल्या प्रवासाला लावायचा ते बघायला पाहिजे, आणि बातम्यांमध्ये नेमका सगळ्यात मोठा आकडा उचलला जातो हे वेगळं सांगायला नको.

जाहीर केलेली रेंज हाही एक विनोदच आहे म्हणा. युरोपात ती ज्या डब्ल्यूएलटीपी टेस्टवरून ठरते ती २३ अंशाच्या आसपास होते, एसी-हीटर बंद, आणि सरासरी वेग किती तर ताशी ४६.५ किलोमीटर. त्यात थोडा वेळ १३० चा टप्पा येतो पण तेवढ्यापुरताच. त्या आकड्यावरून जानेवारीतला हायवे प्रवास ठरवायचा म्हणजे स्वतःची फसवणूक.

पेट्रोलच्या गाड्यांना थंडीचा त्रास होत नाही असंही नाही. हवा त्यांनाही तितकीच जड लागते, आणि अमेरिकी ऊर्जा खात्याच्या म्हणण्यानुसार उणे ७ ला शहरात पेट्रोल गाडीचं मायलेज २५ अंशाच्या तुलनेत १५ टक्के कमी असतं. पण इंजिन मुळातच पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं, त्यातली थोडी केबिनमध्ये सोडली की हीटर फुकटात. ईव्हीची मोटर ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षम, वाया जातच नाही फारसं, म्हणून ऊब विकत घ्यावी लागते. शिवाय ५० लिटर पेट्रोलमध्ये साधारण ४५० युनिट ऊर्जा भरलेली असते, त्यातले थोडे गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ईव्हीच्या ६० युनिटमधले १० गेले की लगेच डोळ्यावर येतं.

हीट पंपाबद्दल थोडक्यात: साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो त्यामुळे शून्याच्या आसपास एक युनिटमागे दोन-तीन युनिट मिळते. कडक थंडीत, उणे १५-२० च्या खाली, हा फायदा बराच कमी होतो. शहरात भरपूर कामाचा, हायवेवर त्यामानाने कमी, कारण वर आलंच आहे. सीट आणि स्टिअरिंग गरम करणारे हीटर मात्र शंभरेक वॅटमध्ये काम करतात, ते बिनधास्त लावा.

खरी डोकेदुखी रेंजपेक्षा चार्जिंगची आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. थंड सेलमध्ये जोरात करंट घातला तर लिथियम ग्राफाइटच्या (सेलमधल्या एका इलेक्ट्रोडच्या) थरांमध्ये शिरायच्या ऐवजी वरच्यावर धातू होऊन साचायला लागतं, याला लिथियम प्लेटिंग म्हणतात, त्याने बॅटरीची क्षमता कायमची कमी होते आणि फार वाढलं तर आत शॉर्टसर्किट व्हायची भीती. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर थंड बॅटरीला मुद्दाम हळू चार्ज करतो, चार्जरवर १५० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी गाडी ३०-४० च घेत बसते आणि आपण चार्जरला शिव्या घालतो. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे १८ च्या खाली गेला तेव्हा चार्जरसमोर लागलेल्या लांबच लांब रांगांमागे हेही एक मोठं कारण होतं, गार बॅटऱ्या, प्रत्येकीला दुप्पट-तिप्पट वेळ, आणि रांगेत उभं राहून त्या आणखी गार. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला तर थंडी जास्तच लागते. रीजन ब्रेकिंगही (गाडी हळू होताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) याच कारणाने सकाळी सकाळी जवळपास बंद असतं, कारण तेही शेवटी चार्जिंगच, तेव्हा पहिल्या काही किलोमीटरमध्ये पाय ब्रेकजवळ तयार ठेवा, गाडी नेहमीसारखी आपोआप हळू होणार नाही.

यावर उपाय म्हणजे पुढचा चार्जर गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये टाकायचा, मोबाइलच्या मॅपमध्ये नाही, मग बऱ्याच नव्या गाड्या पोचायच्या आधी बॅटरी गरम करून ठेवतात. त्यात दोनेक युनिट जातात पण चार्जरवरची अर्धा तास ताटकळ वाचते. आणि मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी पोचल्या पोचल्या, बॅटरी गरम असतानाच चार्ज करून घ्या, सकाळवर ढकलू नका, सकाळी तीच बॅटरी रात्रभर गारठलेली असते. रात्रभर प्लगला लावायची सोय असेल तर उत्तमच, निघायच्या आधी केबिन आणि बॅटरी बाहेरच्या विजेवर गरम होते. टायरची हवाही तेव्हाच बघून घ्या, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) उतरते.

थांबे ठरवताना मात्र वरच्या गणितातला २६० (उणे ५ ला, हीटर लावून, ११० ने) हा आकडाही पूर्ण धरायचा नाही. फास्ट चार्जरवर कोणी ८० टक्क्यांच्या पुढे सहसा थांबत नाही आणि थंडीत १० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, म्हणजे हातात ७० टक्के, दोन चार्जरमधला टप्पा १८० किलोमीटर. समोरून वारा किंवा रस्त्यावर ओला बर्फ असेल तर १५० धरा.

राहता राहिला तो नेहमीचा प्रश्न, बर्फात ट्रॅफिक जाममध्ये अडकलो तर गोठून मरू का? उभ्या गाडीला हवेचा अडथळा नाही, फक्त हीटर, धरा दोन किलोवॅट. ६० युनिटच्या बॅटरीत ४० टक्के उरले असतील तर २४ युनिट, म्हणजे १२ तास ऊब. फक्त जाम सुटल्यावर चार्जरपर्यंत जायला लागतील तेवढे युनिट त्यातून आधी बाजूला काढा.