कामगार भरपाई विमा (अमेरिका) : हप्ता आणि एजंटाची भूमिका

कामावर दुखापत झालेल्या कामगाराला, चूक कोणाची हे न पाहता, औषधोपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग देणारा विमा. अमेरिकेत याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. विस्कॉन्सिनने 1911 मध्ये कायदा केला, मिसिसिपीने सर्वांत उशिरा, 1948 मध्ये. टेक्सासात खासगी मालकांवर या विम्याची सक्ती नाही. ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटात खासगी कंपनीची पॉलिसी चालत नाही. इतरत्र मालक ती बहुधा एजंटामार्फत घेतात.

प्रत्येक कामाला जोखमीनुसार संकेतांक असतो. बहुतेक राज्यांत छप्पर घालणाऱ्याचा 5551 आणि कचेरीतल्या कारकुनाचा 8810. पगाराच्या दर 100 डॉलरमागे त्या संकेतांकाचा दर लावतात आणि येणाऱ्या रकमेला अनुभव गुणकाने, म्हणजे मालकाच्या आधीच्या दाव्यांवरून काढलेल्या आकड्याने, गुणतात. धंद्यात त्याला नुसते ‘मॉड’ म्हणतात. सरासरी मालकाचा मॉड 1.00 असतो, अगदी लहान धंद्यांना तो लागू होत नाही. समजा, वर्षाचा पगार 10 लाख डॉलर आणि दर 5 डॉलर आहे. मूळ हप्ता 50,000 डॉलर होतो. मॉड 0.80 असेल तर 40,000 भरावे लागतात, 1.25 असेल तर 62,500. एजंटाचे खरे काम या फरकात आहे. दरवर्षी स्वस्त कंपनी शोधून देणे हे त्यापुढे किरकोळ.

मॉड साधारणपणे तीन वर्षांच्या दाव्यांवरून काढतात, त्यात नुकतेच संपत आलेले वर्ष धरत नाहीत. सूत्र असे आहे की एका मोठ्या अपघातापेक्षा वरचेवर होणाऱ्या लहान अपघातांचा भार तुलनेने जास्त पडतो. फक्त औषधोपचाराचा दावा मात्र बहुतेक राज्यांत 30 टक्केच मोजला जातो. दुखापतीनंतरचे पहिले 3 ते 7 दिवस (राज्यानुसार) मजुरीची भरपाई सुरू होत नाही, आणि सगळे बिघडते किंवा सावरते ते याच दिवसांत.

गोदामात खोकी उचलताना एकाची कंबर लचकते. डॉक्टर लिहून देतात : 20 पौंडांपेक्षा जड उचलू नये. सुपरवायझरने ‘बरा झालास की ये’ म्हणून त्याला घरी पाठवले, तर आठवडा उलटतो, मजुरीची भरपाई सुरू होते आणि दावा पूर्ण किमतीने मोजला जातो. जाणत्या एजंटाने हलक्या कामांची यादी मालकाकडून आधीच करून घेतलेली असते : लेबले तपासणे, मालाची मोजदाद, फोन घेणे. माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो, आणि दवाखान्याचे 6,000 डॉलर मॉडच्या हिशेबात 1,800 धरले जातात. त्याचा पगारही बुडत नाही. अर्थात हे डॉक्टरांच्या परवानगीनेच व्हायला हवे. दुखापत दडपून आकडा सुधारणे हा त्या कामगारावर अन्याय आहे आणि कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो.

पॉलिसी सुरू झाल्यापासून 18 महिन्यांनी विमा कंपनी दाव्यांचे आकडे मॉड काढणाऱ्या संस्थेकडे पाठवते. त्यात दिलेली रक्कम असते, तशीच पुढे लागेल म्हणून राखून ठेवलेलीही. कामगार बरा होऊन महिने लोटले तरी ही राखीव रक्कम तशीच पडून राहिलेली आढळते. म्हणून चांगला एजंट त्या मुदतीआधीच ‘लॉस रन’, म्हणजे दाव्यांचा उतारा, मागवून एकेक दावा कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर मांडतो. मुदत टळली की चुकीचा आकडाही पुढच्या मॉडमध्ये जातो.

वर्षअखेरच्या पगार तपासणीतही पैसे वाचतात. चुकून छपराच्या संकेतांकात गेलेला कारकून, ओव्हरटाइमचा जादा दर, विम्याचा दाखला न घेतलेला उपकंत्राटदार या हप्ता विनाकारण फुगण्याच्या नेहमीच्या जागा.

एजंटाचे कमिशन हप्त्याच्या टक्क्यांत असते, म्हणजे हप्ता कमी झाला की त्याचीही मिळकत घटते. तरीही जो हे काम मनापासून करतो, त्याला मालक सहसा सोडत नाहीत.

भारतातल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत असा गुणक नाही. जुलै 2019 पासून मालकाची वर्गणी पगाराच्या 3.25 टक्के आहे, कारखान्यात वर्षभरात एकही अपघात झाला नाही तरी तेवढीच.