भरवंसो आणि आशा: गोव्यातल्या ख्रिस्ती जगण्याची पार्श्वभूमी

मराठी बायबलातले 'विश्वास, आशा, प्रीती' गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत 'भावार्थ, भरवंसो आनी मोग' होतात. यातला भावार्थ जुना. 1616 मध्ये छापलेल्या मराठी ओवीबद्ध ख्रिस्ती पुराणात श्रद्धावंत तो 'भावार्थी' आणि स्वर्ग म्हणजे 'वैकुंठ'. पुढे वैकुंठ मागे पडले, भावार्थ टिकला.

घोळ होतो तो मधल्या शब्दावर. कोकणी प्रवचनातला 'भरवंसो' मराठीत 'विश्वास' म्हणून उतरवला, की तीन गुणांतला एक दोनदा येतो आणि एक गळतो. तिथे 'आशा'च हवी. पण मराठीतली आशा वेडी असते, ती लावता येते, सोडताही येते. संतांनी तर ती सोडायलाच सांगितली. भरवसा कोणावर तरी असतो. त्याच्यावर माणूस उधारी देतो, घराची किल्ली शेजारी ठेवून गावाला जातो. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाची आशा या जातीची आहे. ती व्यवहारात दिसते, आणि सर्वांत ठळक दिसते स्मशानभूमीत.

कारण भरवसा आहे तो शरीराच्या पुनरुत्थानावर. 'आत्म्यास शांती' एवढ्यावर ते भागत नाही. पूर्वी दफन चर्चच्या फरशीखाली होई. पोर्तुगालच्या 1835 च्या कायद्याने ते बंद केले आणि स्वतंत्र स्मशानभूमी आल्या. जागा अपुरी, म्हणून खड्डा बहुधा काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक विहिरीत हलवतात. इथेच अडते. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे, पेटीचे प्लास्टिकचे अस्तर, प्लास्टिकची फुले कुजत नाहीत. रसायने भरून टिकवलेला देहही लवकर विरत नाही. मुदत संपली तरी खड्डा रिकामा होत नाही. उपाय साधा: सुती कपडे, हलके लाकूड, खरी फुले.

दहनाला कॅथलिक चर्चची 1886 पासून मनाई होती. 1963 मध्ये ती उठली. पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन निवडू नये, एवढीच अट. व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेनुसार राख विखरायची नाही, कुटुंबात वाटायची नाही, सहसा घरी ठेवायची नाही. पवित्र जागीच ठेवायची. म्हणजे मांडवीत विसर्जन बसत नाही. परवानगी मिळूनही ओढ मातीकडेच आहे, आणि ती निव्वळ हट्टाची नव्हे.

जुन्या पिढीची आशा पुर्गातोरीभोवती, म्हणजे मृत्यूनंतर आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेभोवती फिरे: सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. ती आजही होते. 1 ते 8 नोव्हेंबरला स्मशानभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापाच्या उरलेल्या शिक्षेची माफी, मृताच्या नावे लावता येते. सोबत पापनिवेदन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना लागते. अर्धवट केले तर माफीही अर्धवट.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये भर बदलला: नव्या पृथ्वीची वाट पाहताना या पृथ्वीचे काम ढिले पडू नये. अंत्यविधीत काळ्या वस्त्रांऐवजी जांभळी-पांढरी आली. खाणी आणि जमीन-रूपांतरावर चर्चशी जोडलेले लोक बोलतात, तेव्हा 'स्वर्गाचे बोला' म्हणणारे हा दुवा विसरतात.

शेतीत तो आधीपासून होता. ऑगस्टमधल्या कणसांच्या फेस्ताला भाताची पहिली कणसे कापून आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात, मग घरी देवापुढे ठेवतात. बाकीचे शेत तेव्हा अजून उभे असते, कापणीला अवकाश असतो. मराठी बायबलात पुनरुत्थित ख्रिस्ताला दिलेला शब्द हाच: प्रथमफळ.