लवकर येणारा संकरित मका: चाचणी अहवाल कसा वाचावा

पश्चिम आफ्रिकेच्या सव्हाना पट्ट्यात बियाणे विकणाऱ्या कंपन्या आणि शेतकरी संघ यांच्यासाठी आम्ही मक्याच्या वाणांच्या चाचण्या घेतो. अहवाल हाती आला की नजर आधी सरासरी उताऱ्याच्या रकान्यावर जाते. निवड त्या एका रकान्यावर करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

या पट्ट्याच्या गिनी सव्हाना भागातून उत्तरेला सुदान सव्हाना भागाकडे जावे तसा पाऊस घटतो आणि हंगाम आखडतो. पावसाळाही एकच. त्यामुळे साधारण ९० ते ९५ दिवसांत तयार होणारे वाण तिथे उपयोगी पडतात. अतिलवकर वाण ८० ते ८५ दिवसांतच निघतात. पाऊस लवकर आटोपला तरी दाणा भरून झालेला असतो. पण हे दुष्काळाला चुकवणे झाले, सोसणे नव्हे. ऐन फुलोऱ्यात पावसाचा खंड पडला, तर तुऱ्यातून पराग वेळेवर झडतो आणि कणसाचे केसर मात्र मागे राहतात. ते बाहेर येईपर्यंत पराग संपत आलेला असतो, आणि कणसात दाणेच धरत नाहीत. लवकर येणाऱ्या वाणाला सावरायला दिवसही थोडेच मिळतात.

म्हणून तुरा आणि केसर यांच्यातले अंतर आम्ही दिवसांत नोंदवतो. पाण्याच्या ताणाखाली हे अंतर कमी ठेवणारा वाण आमच्या मते जास्त भरवशाचा. ताणही पावसाच्या मर्जीवर सोडत नाही: कोरड्या हंगामात सिंचनावर पीक घेऊन फुलोऱ्याआधी पाणी तोडतो. इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने नैऋत्य नायजेरियातील इकेन्ने येथे अशाच चाचण्या घेतल्या आहेत. टारफुला हे परजीवी तण असलेली शेते वेगळी मोजतो. तो जमिनीवर दिसण्याआधीच मुळांतून अन्नपाणी ओढतो, आणि कोमेजलेले पीक पाहून दोष दुष्काळाला दिला जातो.

आता स्थैर्य, म्हणजे ठिकाण बदलले तरी उतारा किती टिकतो. समजण्यापुरते आकडे घेऊ; तिसरे ठिकाण उत्तरेकडचे, कमी पावसाचे समजा. एका वाणाने तीन ठिकाणी हेक्टरी ६.५, ५.८ आणि १.२ टन दिले, सरासरी ४.५. दुसऱ्याने ५.२, ४.९ आणि २.८, सरासरी ४.३. पहिला वरच्या क्रमांकावर दिसेल. पण तिसऱ्या ठिकाणच्या शेतकऱ्याच्या घरात धान्य येणार ते दुसऱ्यामुळे, आणि उत्तरेकडे विकायचे असेल तर आम्ही त्याचीच शिफारस करू.

एबरहार्ट आणि रसेल या संशोधकांनी १९६६ मध्ये मांडलेली स्थैर्य मोजण्याची पद्धत आम्ही अहवालात वापरतो. प्रत्येक ठिकाणच्या सर्व वाणांच्या सरासरीपुढे एकेका वाणाचा उतारा मांडून रेषा काढतात. तिचा चढ १ च्या आसपास असेल तर वाण परिस्थितीप्रमाणे सर्वसाधारण वाणाइतकाच वरखाली होतो. १ पेक्षा बराच जास्त असेल तर चांगल्या पावसात तो जोरात, वाईटात मागे. बिंदू रेषेपासून फार विखुरले असतील तर त्याचा अंदाजच बांधता येत नाही. मात्र स्थिर म्हणजे चांगला असे समजू नका. सगळीकडे कमीच देणारा वाणही स्थिर ठरतो. सरासरी आणि स्थैर्य हे दोन रकाने सोबतच वाचावेत.

एका हंगामाच्या आकड्यांवर आम्ही शिफारस देत नाही. प्रत्येक चाचणीत त्या भागात आज पेरला जाणारा वाण तुलनेसाठी ठेवतो. तो कोणता असावा हे चाचणी ठरवतानाच कळवा. ठिकाणनिहाय मूळ आकडे अहवालाला जोडलेले असतात. तुमचा माल जिथे जाणार आहे, त्याच्याशी मिळतेजुळते ठिकाण त्यात आधी शोधा.