मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याची घरगुती शुश्रूषा (बेळगाव सीमाभाग)

पोट, छाती किंवा हाड उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कुत्रा घरी आणल्यापासून तो पूर्ववत हिंडू-फिरू लागेपर्यंत घरच्यांनी करायची देखभाल. कातडी सांधून टाके निघायला १० ते १४ दिवस लागतात. मोडलेले हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे जातात. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत संपते. पुढचे सगळे दिवस मात्र घरच्या सोप्यात किंवा पडवीत काढायचे असतात. लहान गावांतल्या दवाखान्यांत जनावर रात्री ठेवून घेण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे भूल पुरती उतरलेली नसतानाच कुत्रा घरी येतो आणि पहिल्या रात्रीची जबाबदारी घरच्यांवर पडते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी भाषकांच्या पट्ट्यात अशी वेळ येण्याची कारणे इथल्या जगण्यातूनच येतात. खानापूरच्या रानालगतच्या गावांत रानडुकराच्या सुळ्याने पोट किंवा बरगडी फाटते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकाखाली पाय किंवा कंबर सापडते. मक्याच्या कणसाचा बुरकुंडा, आंब्याची कोय, मटणाचे हाड गिळल्याने आतडे अडते आणि ते कापून अडकलेली वस्तू काढावी लागते. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू साठण्याचा आजारही वारंवार दिसतो. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती सुस्त होते, पाणी फार पिऊ लागते, कधी मागून घाण स्राव येतो. अशा वेळी बहुतेकदा गर्भाशय काढून टाकणे हाच खरा इलाज असतो.

कागद आणि भाषा. सीमाभागात या शुश्रूषेची एक खास अडचण आहे. ती बारीक वाटते, पण तिच्यापायी औषध चुकते. दवाखान्यातून मिळणारा कागद इंग्रजीत असतो, तोंडी सूचना पुष्कळदा कानडीत होतात आणि घरी गोळ्या देणारी आजी किंवा काकू मराठी वाचणारी असते. कुत्र्याला दवाखान्यात नेणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला की कागदाचा अर्थ सांगायला घरी कोणी उरत नाही. म्हणून दवाखान्याच्या दारातच सगळे मराठीत उतरवून घ्यावे. कागदावर ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. कानडीत ‘ऊटक्के मुंचे’ म्हणजे जेवणाआधी आणि ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवल्यावर; या दोहोंत गफलत झाली तर वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी जाते आणि जठराला व्रण पडू शकतो. ‘बेळिग्गे’ म्हणजे सकाळी. गोळीचे नाव, वेळ आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून, दिलेल्या मात्रेपुढे खूण करत गेले की एकाच गोळीचा डोस दोघांकडून दोनदा जात नाही. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. डॉक्टरांना विचारावे.

पहिली रात्र. घरी नेताना कुत्र्याला गाडीच्या मागच्या सीटवर किंवा तळाला घोंगडे पसरून आडवे न्यावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या वळणांच्या रस्त्याने मोटारसायकलवर पोत्यात धरून नेणे टाकलेल्या टाक्यांना धोक्याचे आहे. घरी आल्यावर वारा लागणार नाही अशा, मंद उजेडाच्या जागी जमिनीवरच अंथरूण करावे. भूल उतरताना कुत्रा विव्हळतो, थरथरतो, हेलकावे खातो, कधी ओळखीच्या माणसाकडेही अनोळखी नजरेने पाहतो. हे सगळे वेदनेचेच असते असे नाही. काही तासांत ते ओसरते. त्या वेळी शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहणे उपयोगी पडते. अंगाला ऊब द्यायची तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवावी, कारण गुंगीतल्या जनावराला चटका लागला तरी बाजूला सरकता येत नाही.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट (सुमारे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस) असते, म्हणजे माणसापेक्षा जास्त. त्यामुळे अंगाला हात लावून ‘ताप आहे’ म्हणणे फसवे ठरते. गुदद्वारात लावायचा थर्मामीटर टोकाला व्हॅसलिन लावून वापरावा. ९९ च्या खाली किंवा १०३ च्या वर आकडा गेला तर डॉक्टरांना कळवावे. ओठ वर उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी हवी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर २ सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. हिरडी पांढुरकी पडली, पोट फुगत चालले आणि कुत्रा गळून गेला, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता धरून रात्र असली तरी निघावे. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत असणे चांगले लक्षण. पहिल्या चोवीस तासांत लघवी व्हायलाच हवी. शौचाला मात्र पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार दिवसही लागतात, त्याने घाबरायचे कारण नाही.

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने ओळखली जाणारी मुधोळ हाउंड ही सडपातळ शिकारी जात या भागात अनेक घरांत असते. तिच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे भुलीनंतर ती लवकर गारठते. अशा कुत्र्यावर पहिली रात्र दुहेरी घोंगडे हवेच.

वेदना आणि गोळ्या. कुत्रा दुखणे लपवतो. रडणे ही त्याची शेवटची खूण असते. त्याआधी तो पाठ कमानीसारखी वाकवतो, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर असा ताठरतो, आडवा पडू पाहतो पण पडत नाही, थंडीतही धापा टाकतो, कोपऱ्यात तोंड घालून बसतो. घरचे माणूस हे दवाखान्यापेक्षा लवकर ओळखते, कारण कुत्रा रोज कसा बसतो-उठतो हे त्याने पाहिलेले असते. दुखणाऱ्या जागी हात गेला तर जीव लावलेला कुत्राही चावतो. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन माणसाने रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: घरातल्या डब्यातली गोळी. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतले काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलची जास्त मात्रा यकृतावर जाते. डायक्लोफेनॅकचा घात या देशाने गिधाडांच्या रूपाने पाहिला आहे. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसांच्या दुकानात ती गोळी आजही मिळते, म्हणूनच हे सांगणे भाग आहे. कुत्र्यासाठी पशुवैद्य सहसा मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन वजनाप्रमाणे ठरवून देतात. ती चालू असताना दुसऱ्या डॉक्टरकडून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास जठर फाटण्यापर्यंत मजल जाते. विष्ठा डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसले तर गोळी थांबवून लगेच फोन करावा. अँटिबायोटिक मात्र कुत्रा बरा दिसू लागला म्हणून मध्येच सोडू नये.

जखम. दिवसातून दोनदा उजेडात पाहावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत कडा थोड्या लाल आणि किंचित सुजलेल्या असतात, ते ठीक. लाली पसरत जाणे, पू, वास, दोन टाक्यांमध्ये फट दिसणे ही बिघाडाची लक्षणे. टाक्यांखाली मऊ, न दुखणारी पाण्याची गाठ झाली तर ती दाबून फोडू नये, दाखवून घ्यावी. हळद लावण्याची आपली रीत मनापासूनची आहे, पण टाक्यांवर हळदीचा लेप ओल धरून ठेवतो आणि खालची लाली झाकतो. राख, फिनाईल, रॉकेल आणि डेटॉल तर जखमेची नवी कातडीच जाळतात. डॉक्टरांनी दिले असेल तेवढेच लावावे. टाके निघेपर्यंत अंघोळ नाही.

जीभ ही टाक्यांची मोठी वैरी. ‘चाटल्याने जखम भरते’ ही समजूत गावोगाव आहे. प्रत्यक्षात चाटण्याने जंतू आत जातात आणि एका रात्रीत सगळे टाके सुटू शकतात. म्हणून गळ्यात शंकूसारखी प्लास्टिकची कॉलर हवी. ती मिळाली नाही तर लहान बादलीचा तळ कापून, कड कापडाने मऊ करून काम भागते. पोटाच्या जखमेवर जुना बनियन उलटा घालून पाठीवर गाठ मारतात. कॉलर पाहून जीव तुटतो आणि घरातले कोणीतरी ‘तासभर काढू दे’ म्हणते. नेमक्या त्या तासात टाके जातात.

पावसाळ्यात खानापूर भागात हवा अखंड ओली असते, माश्या सुटतात. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसात आळ्या होतात. गोठ्यात, शेणाजवळ अंथरूण कधीच करू नये. अंथरुणाची चादर रोज बदलून चुलीजवळ किंवा इस्त्रीने सुकवावी. पायाला प्लास्टर किंवा पट्टी असेल तर बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी कापून त्यावर बांधतात. ही युक्ती चांगली, पण घरात आल्यावर ती लगेच सोडावी. पट्टीबाहेरची बोटे सुजली किंवा गार पडली तर पट्टी आवळली आहे असे समजावे. गोचीडही तपासावेत: गोचीडताप असलेल्या कुत्र्याच्या रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात आणि जखमेतून रक्त झिरपत राहते.

खाणे. भूल उतरून नीट गिळता येऊ लागल्यावर थोडे थोडे पाणी, मग नेहमीच्या पाव किंवा निम्मे खाणे. मऊ भात, मिठा-मसाल्याशिवाय शिजवलेले बिनहाडाचे चिकन, उकडलेले अंडे, तांदळाची पेज हे दोन-तीन दिवस पुरते. आतड्याची शस्त्रक्रिया असेल तर दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, मनुका घातलेला शिरा नको. कौतुकाने भरवलेला बेळगावचा कुंदाही नको. गोळी अंड्याच्या पिवळ्यात किंवा इडलीच्या तुकड्यात लपवून जाते. दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नये.

विसावा. शहाबादी किंवा पॉलिश केलेल्या फरशीवर शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचे पाय घसरतात. एका घसरणीने हाड जोडायला बसवलेली धातूची प्लेटही हलू शकते. फिरण्याच्या वाटेवर गोणपाट किंवा घोंगडे अंथरावे. पायऱ्या आणि कट्टा बंद. लघवीसाठी परड्यात साखळीने पाच-दहा मिनिटे, मागच्या पायांत जोर नसेल तर पोटाखालून टॉवेल घालून उचलून धरावे. पूर्ण झोपून राहणाऱ्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदलावी, नाहीतर कोपराला आणि मांडीला जखमा होतात. मिरवणुका आणि फटाक्यांच्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत दार लावून ठेवावे, घाबरून घेतलेली एक उडी पुरेशी असते.

घातवार. पोटाच्या, विशेषतः आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत नाजूक. आतड्याचे टाके गळले तर याच दिवसांत गळतात. दुसऱ्या दिवशी शेपूट हलवणारा कुत्रा चौथ्या दिवशी पुन्हा मलूल होतो, उलट्या करतो, पोटाला हात लावू देत नाही, ताप चढतो. याला ‘जरा बिघडलंय’ म्हणून अंगावर काढू नये. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी किंवा गोवा, जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी न्यावे. ‘बरा होत होता, मग अचानक गेला’ अशी हकिकत ऐकायला मिळते, तेव्हा ती पुष्कळदा या तीन दिवसांची असते.

टाके निघाल्यावर. वरची कातडी जुळली तरी आतला पदर अजून कच्चा असतो. तीन आठवड्यांनी जखमेला मूळ ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच बळकटी आलेली असते, आणि पुढे कित्येक महिन्यांनीही ती सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून शेतावर मोकळा सोडण्याआधी आणखी दोन आठवडे साखळीनेच फिरवतात, रोज थोडा वेळ वाढवत. हाडाच्या शस्त्रक्रियेत एक्स-रे पाहिल्याशिवाय साखळी सोडत नाहीत. पाय कापावा लागलेला कुत्रा काही आठवड्यांत तीन पायांवर तोल सांभाळायला शिकतो. त्याचे वजन मात्र वाढू देऊ नये. कापलेले केस दोन-तीन महिन्यांत येतात, कधी थोड्या वेगळ्या रंगाचे.