हायपरकन्व्हर्ज्ड आणि सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज : खान्देशातील उद्योगांच्या संदर्भात

साध्या सर्व्हरमधल्या डिस्क नेटवर्कने जोडून त्यांचा एक सामायिक साठा करायचा आणि डेटाच्या प्रती, दुरुस्ती, स्नॅपशॉट (डेटा एखाद्या क्षणी जसा होता त्याची नोंद) ही कामे खास कंट्रोलरऐवजी सॉफ्टवेअरकडे सोपवायची, या पद्धतीला सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज (एसडीएस) म्हणतात. ज्या सर्व्हरमध्ये हा साठा आहे त्यांच्यावरच व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालत असतील तर ती रचना हायपरकन्व्हर्ज्ड (एचसीआय) ठरते. दरपत्रकांमध्ये ही दोन नावे प्रतिस्पर्ध्यांसारखी समोरासमोर येतात, पण जवळजवळ प्रत्येक एचसीआयच्या पोटात एसडीएसच असते. घेणाऱ्याने ठरवायचे असते ते इतकेच : गणनाशक्ती आणि साठा एकत्र वाढणार आहेत की वेगवेगळ्या गतीने, आणि एक सर्व्हर बंद पडल्यावर उरलेल्यांत त्याचे काम व त्याच्या डेटाच्या प्रती मावतील का.

पूर्वी मध्यम कारखान्यात दोन कंट्रोलरची सॅन पेटी (सर्व्हरबाहेरचा सामायिक साठा), तिला जोडणारे दोन फायबर चॅनल स्विच आणि दोन-तीन सर्व्हर असा थाट असे. साठा सर्व्हरमध्येच आणणारी न्यूटानिक्स कंपनी २००९ मध्ये स्थापन झाली आणि २०११ मध्ये तिचे पहिले उत्पादन आले. व्हीएमवेअरचे त्याच धर्तीचे व्हीसॅन मार्च २०१४ मध्ये आले. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ च्या डेटासेंटर आवृत्तीत स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट हे स्वतःचे एसडीएस दिले. सेफ ही साठ्याची मुक्त प्रणाली सेज वाइल यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील (सांताक्रूझ) डॉक्टरेटच्या कामातून निघाली. तिच्यावरचा मूळ शोधनिबंध २००६ चा आहे. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या मुक्त प्रणालीत सेफ अंगभूत असल्याने तीच प्रणाली एचसीआय म्हणूनही चालते आणि स्वतंत्र साठा म्हणूनही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली, प्रत्येक कोअरमागे वर्गणी सुरू झाली आणि लहान उद्योगांनी प्रॉक्समॉक्सचा विचार गांभीर्याने सुरू केला.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हा प्रश्न ज्यांच्यासमोर येतो ते बहुतेक मध्यम आकाराचे आहेत : जळगावच्या औद्योगिक वसाहतीतले पाइप व चटईचे कारखाने, डाळ मिल, जिनिंग-प्रेसिंग, रावेर-यावल पट्ट्यातले केळीचे शीतगृह, साखर कारखाने, सहकारी पतसंस्था, मोठी रुग्णालये. (विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाच्या गिरणीने झाली, हे इथल्या संगणकवाल्यांनी अभिमानाने सांगावे असेच आहे.) अशा ठिकाणी आयटीचा माणूस बहुधा एकच असतो, कधी तोही अर्धवेळ. म्हणून वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा दुरुस्तीला किती हात लागतात याला इथे जास्त वजन आहे.

जागेचा हिशेब

सर्वाधिक फसगत इथे होते. उदाहरणार्थ, तीन नोड (एकत्र जोडलेले सर्व्हर), प्रत्येकात ३.८४ टीबीच्या चार एसएसडी. एका नोडमध्ये १५.३६ टीबी, तिन्ही मिळून ४६.०८ टीबी. सेफमध्ये प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवल्या, प्रत्येक नोडवर एक, तर कागदावर १५.३६ टीबी मिळतात. विक्रेता हाच आकडा सांगतो.

आता चारांपैकी एक डिस्क गेली असे धरा. नोड तीनच असल्याने त्या डिस्कवरचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर पुन्हा उभा करावा लागतो. डिस्क आधी ७० टक्के भरलेल्या असतील तर उरलेल्या तीन ९३ टक्क्यांवर जातात. सेफ ८५ टक्क्यांवर इशारा देते, ९० ला त्या डिस्कवर दुरुस्तीची भर घालणे थांबवते आणि एकही डिस्क ९५ ला पोचली की लिखाण बंद करते. म्हणजे दुरुस्ती ९० वरच अडकते आणि रोजचे लिखाण चालू राहिले तर साठा ठप्प होण्याची वेळ येते. दुरुस्तीनंतरही ८५ च्या आत राहायचे तर मुळात ६३ टक्क्यांच्या वर भरू नये. १५.३६ चे ६३ टक्के म्हणजे ९.७ टीबी. ऑपरेटिंग सिस्टीम हे टेबीबाइटमध्ये (१०२४ च्या पटीत मोजून) दाखवते, तेव्हा पडद्यावर ८.८ च्या आसपास दिसेल.

तीन नोडांत एक अख्खा नोड गेला तर तिसरी प्रत उभी करायला जागाच नसते. तो नोड दुरुस्त होईपर्यंत काम दोन प्रतींवर चालते. मदरबोर्ड पुण्या-मुंबईहून यायला दोन-चार दिवस लागले तर तितके दिवस. त्या काळात दुसऱ्या नोडची डिस्क गेली की काही डेटाची एकच प्रत उरते, आणि किमान दोन प्रतींची अट असल्याने त्या भागाचे वाचन-लिखाण थांबते. चौथा नोड असेल तर हे चित्र बदलते : एकूण ६१.४४ टीबी, एक नोड गेल्यावर ४६.०८, तीन प्रती व ८५ टक्क्यांची मर्यादा धरून १३ टीबी, आणि प्रणाली कोणाची वाट न पाहता स्वतः पूर्ववत होते. जिथे सुटा भाग दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही तिथे चौथ्या नोडचा खर्च वाजवी आहे. नोड तीनच परवडत असतील तर निदान एक सुटी डिस्क आणि एक पॉवर सप्लाय कपाटात हवा.

जागा वाचवायला दोनच प्रती ठेवून किमान एक प्रतीवर लिखाण चालू देण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो पाळू नये. एकमेव प्रतीवर लिहिलेला डेटा त्या डिस्कबरोबर जातो, आणि जुनी प्रत घेऊन दुसरा नोड परत आला की खरी प्रत कोणती हा गुंता उरतो.

रॅमचाही हिशेब असाच. प्रत्येक नोडमध्ये २५६ जीबी असेल आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरला व होस्टला (खुद्द सर्व्हरच्या प्रणालीला) ३२ जीबी सोडले तर २२४ उरतात. तीन नोडांचे ६७२ होतात, पण एक नोड गेल्यावर दोघांतच सगळे मावायला हवे, म्हणून व्हीएमची बेरीज ४४८ च्या आत ठेवावी. सेफ प्रत्येक डिस्कमागे मूळ सेटिंगने ४ जीबी धरते. न्यूटानिक्समध्ये प्रत्येक नोडवर कंट्रोलरचे एक वेगळे व्हीएम चालते आणि ते रॅम व कोअर दोन्ही घेते.

डिस्क आणि नेटवर्क

एसएसडीमध्ये वीज गेल्यावर कॅशमधले लिखाण तडीस नेणारे कपॅसिटर हवेत. दुकानात मिळणाऱ्या घरगुती एसएसडीत ते नसतात. डेटाबेस जेव्हा प्रत्येक व्यवहार पक्का लिहिल्याची पोच मागतो, तेव्हा अशी डिस्क सेकंदाला हजारोंऐवजी काही शे लिखाणांवर येते. फाइल कॉपी करून पाहिल्यास वेग छान दिसतो आणि मार्च अखेरीला वीस जण टॅलीत एकदम नोंदी करू लागले की पडदा अडकतो. चाचणी घ्यायची तर एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने ४ केबीच्या, पोच मागणाऱ्या लिखाणाची घ्यावी. रेड कार्ड (डिस्कचे गट स्वतः करणारे) असेल तर ते एचबीए म्हणून, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणारे म्हणून, चालवावे. सेफ आणि स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट दोन्हींना डिस्क थेट दिसायला हव्यात.

व्हीसॅनच्या जुन्या रचनेत डिस्कच्या प्रत्येक गटात एक कॅश डिस्क आणि सातपर्यंत साठ्याच्या डिस्क असतात. कॅश डिस्क गेली की अख्खा गट जातो, हे खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी सांगते. एका मोठ्या गटापेक्षा दोन लहान गट त्यासाठीच करतात.

नेटवर्क १० गिगाबिटचे हवे. एक गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात. तीन प्रतींच्या लिखाणात पहिला नोड उरलेल्या दोघांना पाठवतो, म्हणून प्रत्यक्ष लिखाण ५५ वर येते. १० टीबी पुन्हा उभे करायला एक गिगाबिटवर सुमारे २५ तास लागतात, १० वर उत्तम परिस्थितीत अडीच. स्विच दोन घ्यावेत, आणि प्रत्येक नोडची एकेक तार प्रत्येकात. एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी, बाइटमध्ये) ९००० ठेवायचा असेल तर तो नोड, स्विच, बाँड (एकत्र बांधलेल्या तारा) सगळीकडे एकच हवा. एका पोर्टवर १५०० राहून गेला की लहान पाकिटे जातात, मोठी अडतात, पिंग नीट दिसते आणि डिस्क मात्र ‘डाउन’ होत राहतात. `पिंग`ला ८९७२ बाइटचे, तुकडे न होणारे पाकीट पाठवून हा दोष लगेच सापडतो. प्रॉक्समॉक्समध्ये कोरोसिंकला (नोड एकमेकांची हजेरी घेतात त्या सेवेला) साठ्याच्या वाहतुकीपासून वेगळी तार द्यावी, नाहीतर दुरुस्तीच्या ओघात नोड एकमेकांना मेलेले समजतात. नोडांची घड्याळे एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) स्रोताला जोडावीत. सेफच्या मॉनिटर सेवांच्या (साठ्याची स्थिती पाहणाऱ्या) घड्याळांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की सेफ तक्रार करते.

ऊन, धूळ आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. एसीची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून छापलेली असते, त्यामुळे पत्र्याच्या छतावर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर बसवलेल्या बाहेरच्या युनिटकडून पूर्ण काम मिळत नाही. प्रत्येकी ५०० वॅटचे चार सर्व्हर आणि स्विच मिळून २.२ किलोवॅट, म्हणजे तासाला ७,५०० बीटीयू. एक टन १२,००० चा, त्यामुळे कागदावर पाऊण टन पुरतो. प्रत्यक्षात दीड टनाचे दोन एसी पाळीपाळीने चालवावेत, कारण एक नक्की मेमध्येच बंद पडतो. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही शिफारस आहे. मोजायचे ते तिथेच, खोलीच्या दाराशी नव्हे.

जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि डाळ मिलमध्ये चुरीची धूळ सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर बसते. जाळीवर पांढरा थर दिसू लागला की पंखे जोरात फिरू लागतात आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. हंगामात, म्हणजे कापसाची आवक सुरू झाल्यापासून, जाळी दर आठवड्याला साफ करावी. सर्व्हरची खोली वजनकाट्याच्या केबिनला लागून किंवा प्रेसच्या आवारात नसावी.

वीज जाते तेव्हा सर्व्हर यूपीएसवर चालतात, एसी मात्र बंद होतो. म्हणून एसी जनरेटरवर हवाच. २.२ किलोवॅटला ३ केव्हीएचा यूपीएस काठावर बसतो, ५ किंवा ६ चे दोन घेऊन प्रत्येक सर्व्हरचा एकेक पॉवर सप्लाय प्रत्येकावर द्यावा. सगळे नोड एकाच यूपीएसवर असतील तर तीन प्रतींना अर्थ उरत नाही.

बंद करण्याचा क्रम ठरलेला हवा : आधी सगळी व्हीएम, मग सेफमध्ये नोआउट (बंद डिस्कला बाद न धरण्याची खूण) लावणे, मग नोड. चालू करताना स्विच, नोड, साठा निरोगी झाल्याची खात्री, शेवटी व्हीएम. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक नोड स्वतंत्रपणे बंद केला तर कोरम (नोडांचे बहुमत) आधी जातो आणि व्हीएम मधेच अडकतात. डीएनएस (नावांवरून पत्ते सांगणारी सेवा) व डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा) क्लस्टरच्या, म्हणजे या जोडलेल्या नोडांच्या, आतच असतील तर पूर्ण बंदनंतर नोडांना एकमेकांची नावेच सापडत नाहीत. एक लहान मशीन त्यासाठी बाहेर ठेवावे. नुसता रीबूट करतानाही नोआउट लावावे. न लावल्यास, चौथा नोड असेल तर, दहा मिनिटांनी सेफ त्या नोडचा डेटा दुसरीकडे हलवू लागते. व्हीसॅन यासाठी ६० मिनिटे थांबते.

दोन नोड, दोन गावे

लहान शाखेला दोन नोड आणि एक साक्षीदार पुरतो. साक्षीदार डेटा ठेवत नाही, वाद झाला तर मत देतो. व्हीसॅनच्या दोन-नोड रचनेत तो जाऊन-येऊन ५०० मिलिसेकंदापर्यंतच्या विलंबावर चालतो, त्यामुळे कारखाना जळगावला आणि साक्षीदार धुळ्याच्या कार्यालयात ही व्यवस्था साध्या इंटरनेटवर जमते. साक्षीदार त्याच दोन नोडांवर ठेवू नये. दोन गावांत डेटा पसरवायचा असेल तर मात्र मर्यादा ५ मिलिसेकंदांची आहे. जळगाव-भुसावळ अंतर सुमारे २५ किलोमीटर, फायबरच्या काचेतून जाऊन-येऊन पाव मिलिसेकंद. पण सेवादात्याने ती जोडणी मुंबई किंवा पुण्यावरून फिरवली असेल तर गणित कोसळते. करार करण्यापूर्वी आठवडाभर पिंग मोजावे. रस्त्याच्या कामात फायबर तुटतो, म्हणून दुसरी वाट वेगळ्या रस्त्याने असल्याची खात्री करून घ्यावी.

कोणाला काय

ईआरपी, टॅली, डोमेन आणि काही डेटाबेस अशी पंधरा-वीस व्हीएम, साठा दहा टीबीच्या आत आणि एकच माणूस : इथे तीन-चार नोडांचे एचसीआय योग्य. एकाच पडद्यावर सगळे दिसते आणि तक्रारीसाठी एकच दार ठोठवावे लागते.

साठा गणनेपेक्षा झपाट्याने वाढत असेल तर एचसीआय महाग पडते. रुग्णालयातल्या सीटी-एमआरआयच्या प्रतिमा दरवर्षी साचत जातात, प्रोसेसरची गरज तेवढीच राहते. केवळ जागेसाठी नोड घेतला तरी त्याच्या कोअरचे परवाने भरावेच लागतात. विंडोज सर्व्हरला सर्व्हरमागे किमान १६ कोअर मोजतात. अशा ठिकाणी साठ्याचे चार नोड वेगळे आणि व्हीएमचे दोन-तीन सर्व्हर वेगळे, अशी एसडीएस रचना बरी. मात्र ती सांभाळायला सेफ जाणणारा माणूस पगारावर किंवा करारावर लागतो. तो नसेल तर ही रचना घेऊ नये.

सीसीटीव्ही दोन्हींपासून दूर ठेवावे. एक कॅमेरा ४ मेगाबिटने दिवसाला ४३ जीबी लिहितो. ६० कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्रण ७८ टीबी होते, तीन प्रतींत २३३. त्याला मोठ्या साध्या डिस्कचा वेगळा रेकॉर्डर पुरे.

पाच-सात संगणकांच्या आडत दुकानाला यातले काहीच नको. झेडएफएस या फाइल प्रणालीवर आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्कचा एक सर्व्हर आणि रोजचा बॅकअप एवढ्यात त्याचे काम भागते.

बॅकअप या दोन्ही रचनांच्या बाहेर, वेगळ्या पासवर्डच्या आणि डोमेनला न जोडलेल्या यंत्रावर हवा. चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल तिन्ही प्रतींत त्याच क्षणी तशीच होते, आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, आणि महिन्यातून एकदा एक व्हीएम त्या प्रतीवरून उभे करून त्यात टॅलीची कंपनी उघडते का ते पाहावे. लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा, म्हणजे हंगामात वजनकाटा बंद पडला तर तो किती तासांत सुरू होईल हे मालकाला ठामपणे सांगता येते.